दसऱ्यानंतर ऑर्डर बंद

दुकान बंद करून मी मुलीकडे वारज्याला राहायला आलो, तेव्हा वाटलं होतं की आता धावपळ संपली. सगळी उमर सदाशिव पेठेत मशीनवर गेली. आधी रेडीमेडनं शर्ट खाल्ले, मग पँट-कोट, आणि शेवटी गणवेशसुद्धा शाळाच कुठून तरी आणून वाटायला लागल्या. मी कोणाच्या नावानं रडलो नाही. जागा सोडली, पण मशीन विकलं नाही आणि कात्री विकली नाही. दोन्ही वारज्याला आणली आणि बाल्कनीत मांडली. जावई हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "अण्णा, आता आराम करा." मी म्हटलं, "आराम करायला मी आजारी आहे का?"

तसा त्या घरात आराम कोणालाच नव्हता. मुलगी माझी कॉलेजात शास्त्र शिकवते, विभागप्रमुख आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे शिकायची गरज पडली नाही. तिला मात्र हवं तेवढं शिकवलं, आणि ती शिकली. वाटायचं, एवढी शिकल्यावर माणूस पंख्याखाली बसून पुस्तक वाचत असेल. इथे येऊन बघतो तर बाई जेवतानासुद्धा डाव्या हातात फोन. उजव्या हातानं भाकरी मोडायची, डाव्या अंगठ्यानं फोनवरचं काहीतरी वर ढकलायचं. ढकललं की खालून नवीन येणार. नळाखाली गळकी बादली ठेवावी तसं ते चालायचं. ना भरते, ना रिकामी होते.

मेल म्हणजे काय ते मला तिनंच सांगितलं. म्हणाली, पत्रच असतं, फक्त पोस्टमन नसतो. मी म्हटलं, मग बरंय की. ती म्हणाली, "बरं काय अण्णा! पोस्टमन सुट्टी घेतो. संध्याकाळी घरी जातो."

मी बाजूला बसून बघायचो. विद्यार्थ्यांच्या शंका. कुणाचा तरी प्रबंध तपासायचा. कुठल्या मासिकाचा लेख वाचून मत द्यायचं. कॉलेजचं एकच परिपत्रक तीन-तीन टेबलांवरून यायचं, आणि वर चौथ्याची आठवण, की परिपत्रक मिळालं का? कोणीतरी भलताच माणूस तिला थोर विदुषी म्हणून, तिलाच पैसे भरायला सांगून, भाषणाला बोलवायचा. ती एखादं पत्र उघडायची, वाचायची, सुस्कारा सोडायची आणि परत न वाचल्यासारखं करून ठेवायची.

"हे काय केलंस?"

"खूण केली. नंतर सावकाश उत्तर देईन."

"सावकाश कधी?"

"अण्णा, जेवा."

एकदा तिनं 'तातडीचं' असा एक कप्पा केला. तो भरला. मग 'अति तातडीचं' केला. तोही भरला. मला कळेना की आता तिसऱ्या कप्प्याला काय नाव देणार. तिची मान आखडली होती. स्वयंपाक करताना फोन वाजला की हातातला झारा तसाच धरून बाहेर यायची. तिला बघून मलाच बसवेना. बाल्कनीत जायचो, मशीनचं चाक उगाच फिरवायचो, परत आत यायचो.

दसऱ्याच्या आधी एक मुलगी घरी आली, मॅडमचं पुस्तक परत द्यायला. यवतमाळकडची. माझ्या मुलीच्या हाताखाली एम.एस्सी. करत होती. मॅडम घरी नव्हत्या, म्हणून माझ्याशी बोलत बसली. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या होत्या, ते मला आवडलं. वडलांचं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान. म्हणजे हातानं काम करणारं घर.

"इथं राहतेस कुठं?"

"तुमच्या सदाशिव पेठेतच ना जी. कॉट बेसिसवर. खाली पिठाची गिरणी आहे."

मी म्हटलं, "त्या गिरणीच्या शेजारीच माझं दुकान होतं." मग काय, गप्पा वाढल्या. तिला परदेशी शिकायला जायचं होतं. तिकडच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती होती, अर्ज भरला होता, मार्कही चांगले होते. फक्त शिकवणाऱ्या माणसाचं पत्र लागतं म्हणाली. ही मुलगी कशी आहे, काम कसं करते, हे जवळून बघितलेल्या माणसानं लिहून द्यायचं. तिचं काम जवळून बघितलेली माणसं कोण, तर आमची मॅडम. बाकी कोणी नाही. ते पत्र चांगलं गेलं तर जाणं होईल, नाहीतर गावाकडे परत जायचं, आणि घरी मुलगा बघायला सुरुवात झालीच होती.

तेवढ्यात माझी मुलगी घरी आली. म्हणाली, "अगं, देणार ना मी पत्र. फक्त मला आठवणीला एक मेल टाक."

मी बघतच राहिलो. माणूस समोर उभा आहे, तोंडानं सांगतोय, आणि त्याला म्हणायचं मेल टाक! ती पोरगी गेल्यावर मी हे बोललोच. मुलगी म्हणाली, "मेल नसेल तर विसरते मी."

"आणि असेल तर?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बाल्कनीत गेलो. पण गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. दोन दिवसांनी ती डोकं धरून बसली होती तेव्हा म्हटलं, "पाटी लाव."

"कसली पाटी?"

आता हे सांगायला हवं. दिवाळी जवळ आली की गावातला प्रत्येक माणूस कापड घेऊन शिंप्याकडे येतो. आमच्या धंद्यातले बाकीचे लोक येईल ते कापड घ्यायचे, पावतीला त्याचा तुकडा टाचायचे आणि मग लक्ष्मीपूजनापर्यंत 'उद्या या' म्हणायचे. मी ते केलं नाही. दसरा झाला की दुकानाबाहेर पाटी लावायचो, माझ्याच अक्षरात. 'दिवाळीच्या ऑर्डर बंद. आधी दिलेले कपडे वेळेवर मिळतील. चौकशी करू नये.' लोक मला तुसडा म्हणायचे. म्हणोत. माझ्याकडचा कपडा दिवाळीला अंगावर असायचा.

"अण्णा, ते दुकान होतं," मुलगी म्हणाली. "हे तसं नसतं."

"तसंच असतं. कापड घेणं आपल्या हातात असतं, दिवस वाढवणं नसतं."

"आणि मेलला पाटी कुठं लावू? खिळा कुठं ठोकू?"

सोफ्यावरून जावई म्हणाला, "लावता येते. कुणाचाही मेल आला की आपोआप उत्तर जातं. कंपनीत आम्ही रजेवर जाताना लावतो."

मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती. म्हणाली, "सांगा मग, काय लिहू?" मी सांगितलं, तिनं टाइप केलं, खाली इंग्रजीतही केलं. 'कामाचा ढीग झाल्यामुळे दिवाळीपर्यंत नवीन काम घेतले जाणार नाही. आधी घेतलेले काम वेळेवर मिळेल. आठवण करू नये.'

'आठवण करू नये'वर ती अडली. "हे जरा तोडून बोलल्यासारखं होतंय."

"पाटी गोड झाली की कोणी वाचत नाही," मी म्हटलं.

पाटी लागली. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिला फोन तिच्याच कॉलेजातल्या एका सरांचा. "मॅडम, पाटी वाचली हो! झकास आहे. बरं, आमचं ते प्रश्नपत्रिकेचं तेवढं बघा." मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांनी पाटी वाचली होती, सगळ्यांना आवडली होती आणि सगळ्यांचं काम तेवढं अपवाद होतं. मला त्याचं नवल वाटलं नाही. पुण्यातला माणूस पाटी वाचतो, मान डोलावतो आणि आत येतो. ती शेजाऱ्यासाठी लावलेली असते हे त्याला आईच्या पोटातच कळतं. माझ्या दुकानातही तेच व्हायचं. पण निम्मे तरी बाहेरच्या बाहेर कटायचे. इथेही कटले. मुलगी दोन्ही हातांनी जेवायला लागली. मी जावयाला म्हटलं, "बघितलंस?"

दिवाळी तोंडावर आली होती. त्या सकाळी मुलगी कॉलेजला निघायच्या आधी फोनवर काहीतरी जुनं शोधत होती. एकदम थांबली.

"अण्णा."

आवाजावरून मी बाल्कनीतून आत आलो. तिनं वाचून दाखवलं. त्या यवतमाळच्या मुलीचा मेल होता, कितीतरी दिवस आधी आलेला, ढिगाखाली गेलेला. 'मॅडम, तुमचा निरोप मिळाला. तुमच्याकडे एवढं काम आहे हे मला समजायला पाहिजे होतं. मी अर्जात तुमच्याऐवजी आमच्या गावच्या कॉलेजच्या सरांचं नाव टाकलं आहे. दिवाळीच्या शुभेच्छा.'

"निरोप?" मी म्हटलं. "कसला निरोप?"

"पाटी! तिनं मला आठवणीचा मेल टाकला, तिला पाटी गेली. नवीन काम घेतले जाणार नाही, आठवण करू नये. तिला वाटलं, मी नाही म्हटलं."

"तिचं काम तर तू आधीच घेतलं होतंस."

"ते तिला कुठं माहीत! मीच म्हटलं होतं ना, मेल टाक म्हणून." ती खोलीतल्या खोलीत फिरायला लागली. "ते गावचे सर तिला धड ओळखतसुद्धा नसतील. दोन ओळी लिहितील, मुलगी चांगल्या वर्तणुकीची आहे म्हणून. त्यावर कोण शिष्यवृत्ती देणार? आणि अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपते."

"तू दे की पत्र."

"मला देता येत नाही. तिनं अर्जात माझं नाव परत घातलं तरच तिकडून मला मेल येतो, आणि त्यातूनच पत्र पाठवायचं असतं. नाव तिलाच घालावं लागतं."

तिनं फोन लावला. बंद. परत लावला. बंद. ती पोरगी दिवाळीला गावी निघाली असेल तर रस्त्यात असेल. मुलीला परीक्षेच्या बैठकीला पोचायचं होतं, प्राचार्य वाट बघत होते, आणि पत्र अजून लिहिलेलंसुद्धा नव्हतं. तिनं गाडीची किल्ली घेतली, ठेवली, परत घेतली. मी तोवर चपला घातल्या होत्या.

"कुठं निघालात?"

"पत्र तू लिही. पाटी माझी होती, माणूस मी आणतो."

"अण्णा, पाटीचं काही नाही हो..."

"ते नंतर बघू," मी म्हटलं आणि जिना उतरलो.

रिक्षावाल्यांनी सदाशिव पेठ म्हटल्यावर तोंडं फिरवली. बस मिळाली, तीही उभ्यानं. कर्वे रोडला सगळा गाव खरेदीला लोटलेला. बस एक हात पुढे जायची, परत उभी. मी दांडा धरून वाकून बाहेर बघत होतो, जसं काही माझ्या बघण्यानं सिग्नल सुटणार आहे. कंडक्टर म्हणाला, "काका, सरळ उभे राहा, पडाल." मी म्हटलं, "तुझी बस हलू दे आधी, मग पडतो." शेवटी एक स्टॉप आधीच उतरलो आणि चालत सुटलो. गुडघा दुखत होता. दुखू दे.

गिरणी चालू होती. दारात घरमालकीण बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांचे शर्ट मीच शिवायचो.

"अहो, तुम्ही? आहात अजून?"

"आहे. तुमच्याकडची ती यवतमाळची मुलगी, गेली का गावाला?"

"वर आहे. निघतेय."

मी जिन्याकडे वळलो. त्यांनी पाय आडवा घातला नाही एवढंच. "वर पुरुषांना परवानगी नाही. पाटी वाचा."

"बाई, माझं वय बघा."

"वयाचं पाटीवर काही लिहिलेलं नाही."

पाटीचा मान मी नाही ठेवायचा तर कोणी? जिन्याखाली उभा राहिलो. त्या पोरीचं नाव घाईत विचारायचं राहिलं होतं. मग ओरडलो, "यवतमाळ! ए यवतमाळ!" वरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. एका खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "वर्धा चालेल का, आजोबा?" हशा पिकला. तेवढ्यात ती जिन्यावर आली. हातात बॅग.

"आजोबा, तुमी? मॅडम बऱ्या आहेत ना?"

"मॅडमला काय धाड भरलीय! तुझा फोन कुठाय?"

"बिघडला ना जी. दुरुस्तीला दिला."

"अर्जातून मॅडमचं नाव का काढलंस?"

तिचा चेहरा ताठ झाला. "मॅडमनंच सांगितलं. नवीन काम घेणार नाही म्हणून."

"ते तुला नव्हतं."

"माझ्याच मेलवर आलं होतं."

"ते सगळ्यांनाच जातं."

"मग होतं कोणाले?"

मी म्हटलं, "अगं, लोक वाचतात आणि तरी येतात."

"काहून? नाही लिहिलं असल्यावर काहून येतात?" तिनं बॅग खाली ठेवली. "आमच्याकडे नाही म्हटलं म्हणजे नाही. पुन्हा दारात जाऊन उभं राहणं म्हणजे लाचारी. बाबांनी आम्हाले हेच शिकवलं."

खरं सांगतो, राग यायच्या ऐवजी मला तिचा बाप बघावासा वाटला. "बरोबर शिकवलंय," मी म्हटलं. "पण नाही तुला मॅडमनं म्हटलेलं नाही. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर एवढा ढीग झाला. पाटी मी सांगितलेली. शब्द न् शब्द माझा."

"म्हणजे तुमीच मले नाही म्हटलं?"

"आणि होय म्हणायला वारज्याहून आलोय. उभ्यानं. आता घाल नाव."

"त्या गावच्या सरांना काय सांगू? त्यांनी पत्र पाठवतो म्हटलंय."

"त्यांनी पाठवलं का अजून?"

"नाही. आज-उद्या करून राहिले."

"मग त्यांनाही सुटल्यासारखंच होईल."

खुर्चीतून घरमालकीण बाई म्हणाल्या, "अगं, घाल बाई नाव. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाची मनधरणी केलेली मी बघितलेली नाही. यजमान ह्यांच्यापुढे हात जोडायचे, तरी पाटीकडे बोट."

ती हसली, आणि मग मात्र घाई झाली. बस तिची दुपारची होती. शेजारी जिथे माझं दुकान होतं तिथे आता झेरॉक्स आणि इंटरनेट. माझी पाटी टांगायचा खिळा अजून भिंतीत होता, त्यावर त्यांनी फुग्यांची माळ अडकवली होती. तिथल्या मशीनवर तिनं अर्ज उघडला, एक नाव काढलं, दुसरं घातलं. "झालं, आजोबा. आता मॅडमकडे मेल जाईल."

मी मुलीला फोन लावला. ती बैठकीतून बाहेर येऊन जिन्यात उभी होती, पत्र लिहून तयार होतं. "आला का?"

"नाही."

थोडं थांबून परत लावला. "आला?"

"अण्णा, दर मिनिटाला काहीतरी येतंय. दिवाळीच्या शुभेच्छाच शेकड्यानं आल्यात. थांबा, बघते. हे नाही. हेही नाही."

"नीट बघ. खाली गेला असेल."

"बघतेय हो!"

ती मुलगी रस्त्याकडे बघत होती, मग मशीनकडे, मग माझ्याकडे. मी दुकानात येरझाऱ्या घालत होतो. दुकानवाला म्हणाला, "काका, बसा ना." मी म्हटलं, "ह्या जागेत मी पुष्कळ बसलोय." पोरगी नखं खात होती. घरी मुलगी झारा घेऊन बाहेर का यायची ते मला त्या वेळी कळलं. जे यायला हवंय ते आलेलंच असतं, आपल्याच घरात कुठेतरी पडलेलं असतं, आणि दिसत नाही.

फोन वाजला. "सापडला! जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडला होता. आणि अण्णा, तिकडच्या विद्यापीठालाही आपली पाटी गेलीय. आठवण करू नये म्हणून."

"मग? रागावले?"

"मशीन आहे ते. मशीन कुठं वाचतंय! थांबा." मग नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "गेलं."

मी पोरीकडे बघून मान डोलावली. पोरीनं तिथेच वाकून माझ्या पायाला हात लावला, बॅग उचलली आणि पळाली. निघताना ओरडली, "मॅडमले सांगा, पुढच्या वेळी पाटी असली तरी येईन."

संध्याकाळी मुलीनं पाटी काढून टाकली. मी म्हटलं, कशाला? पाटीत चूक नव्हती. ती म्हणाली, चुकलं नाही कसं? आमचं वाजलं त्यावरून, जेवणं होईपर्यंत. माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. पाटी हवीच. फक्त माझ्या पाटीखाली मी बसलेला असायचो. कोणी पायरीपाशी घुटमळून परत फिरायला लागलं तर त्याचं तोंड मला दिसायचं, आणि हाक मारायची की नाही ते मी ठरवायचो. तिच्या पाटीखाली कोणी बसलेलं नसतं. मुलगी म्हणाली, "मग मीच बसू का चोवीस तास?" आणि डावा हात परत फोनवर गेला.

त्या पोरीला शिष्यवृत्ती मिळाली. निघायच्या आधी घरी आली ती एक जाडजूड कोट घेऊन. कुणाचा तरी वापरलेला होता, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. म्हणाली, "आजोबा, तिकडे बर्फ पडतो. हा कमी करून द्याल? की ऑर्डर बंद आहेत?"

"उभी राहा," मी म्हटलं.

बाल्कनीत उजेड चांगला होता. मी बाही दुमडली, टाचणी हातात घेतली, तर तिचा हात हलला. खिशात तिचा फोन घरघरला होता. तिनं काढला, बघितलं. तिकडचं वसतिगृह, तिकडचं ऑफिस, तिकडचे कोण कोण, आत्तापासूनच. "एक मिनिट हं, आजोबा, ह्याले उत्तर देते." दिलं. हात परत सरळ केला. मी टाचणी टेकवली, परत घरघर. आतल्या खोलीतून मुलीच्या फोनचाही आवाज येत होता.

"हात सरळ ठेव," मी म्हटलं.

"ठेवलाय ना जी."

"मग हलतोय कोण?"

तिनं फोन मशीनवर पालथा ठेवला. तो तिथेही घरघरत राहिला, लाकडावर हळूहळू सरकत माझ्या कात्रीपर्यंत आला. ती त्याच्याकडे बघत होती, बाहीकडे नाही. मी एका हातानं तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्यानं टाचणी लावली.